हिरव्या जाळीच्या आतून

प्रिय रूपाली,

तुझे बाबा गेले त्या सकाळी अंगण झाडून झालं होतं आणि चुलीवरच्या मोठ्या गंजात मी कुरडयांचा चीक घाटत होते. गहू तीन दिवस भिजवलेले. शेजारच्या सुलोचनाबाई साचा धुऊन बसल्या होत्या. चीक शिजताना हात थांबला की गाठी होतात, सगळी मेहनत वाया, हे तुला मी लहानपणीच शिकवलं आहे.

तुझे बाबा मागे, त्यांच्या हिरव्या जाळीच्या घरात होते. एसटीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी केरळहून खोक्यातून ऑर्किडं मागवली, किडे खाणारी घटपर्णी मागवली. समुद्रपूरच्या उन्हात ती जगावीत म्हणून चहूबाजूंनी वाळ्याच्या ताट्या बांधल्या, त्यांवर पाणी सोडलं. बोअरचं पाणी घटपर्णीला सोसत नाही, हे पुस्तकातून मीच त्यांना वाचून दाखवलं. तेव्हापासून पावसाचं पाणी पिंपात साठवलेलं. त्यांचे एसटीतले मित्र तानबा भाऊजी म्हणायचे, "वहिनी, पाव्हण्याले बोअरचं अन् झाडाले आभाळाचं, हा कोणता न्याय वं?"

फूल उमललं की तुझे बाबा मला हाक मारायचे, "रूपालीची आई, येजो वं!" वर्षानुवर्षं मी हातातलं टाकून जायची. फूल पाहून "छान आहे" एवढंच म्हणायची. त्यांना तेवढं पुरायचं.

रविवारी नागपूरच्या रोपवाटिकेचे लोक येऊन झाडं नेतील, मग मी कायमची तुझ्याकडे पुण्याला यायचं, असं तू ठरवलंस. दोनदा मी काहीबाही कारण सांगून टाळलं. खरं कारण हे की सकाळी नऊच्या सुमारास जाळीच्या घरातून त्यांची हाक येते. ताट्या भिजवून मी स्वयंपाकघराकडे वळते आणि पाठीमागून येते. मी प्रत्येक वेळी जाते. आत कोणी नसतं. पानांवरून पाणी ठिबकत असतं. मी "आली" म्हणते आणि त्यांच्या स्टुलावर बसते. भीती वाटत नाही. पुण्याला ती हाक येणार नाही, याची मात्र वाटते. पुढचं वाच आणि रविवारचं काय ते तू ठरव.

त्या सकाळीही त्यांनी हाक मारली. सुलोचनाबाई हसल्या, "जा बाई, तुमच्या सवतीले फूल आलं वाट्टे." मी बसल्या जागेवरून ओरडले, "चीक घाटून राह्यली ना मी! थांबा जरासक." पुन्हा हाक आली, बारीक. तिसऱ्यांदा नुसतं "वं" ऐकू आलं. मला ऐकू आलं होतं, रूपाली. मी साचा भरला. सगळ्या कुरडया घालून झाल्यावर हात धुऊन गेले. ते पिंपाला टेकून बसले होते. एकही फूल उमललेलं नव्हतं. किती वेळ झाला, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी पदराला हात पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी तू पुण्याहून आलीस आणि माझे दोन्ही हात धरून विचारलंस, बाबांनी हाक मारली होती का गं. मी नाही म्हणाले.

तुझीच,
आई