शहाड यादीत नाही

तीर्थस्वरूप परशुराममामांस,

रत्नदीपचा साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घ्या). मोहन्याला सगळे बरे असतील. तुमचा गुडघा काय म्हणतो? या जमान्यात पत्र कसलं, असं वाटेल. पण तुम्हाला फोन केला की मामी तो स्पीकरवर टाकतात आणि माझं बोलणं खाली जिन्यापर्यंत ऐकू जातं. विषय नाजूक आहे. शिवाय मला एका जागी बसवत नाहीये. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून पाणी प्यायलो, तहान नसताना.

माझा छंद तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही लोकांना ‘भाचा कॉम्प्युटर रिपेर करतो’ असं सांगता, म्हणून पुन्हा सांगतो. दुसऱ्याने बनवलेलं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि ते त्याने आतून कसं बांधलं असेल, हे शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडत जायचं. याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. लोक याचा रीतसर अभ्यास करतात, परिषदा भरवतात. आई पंगतीत मसालेभाताचा एक घास घेते आणि ‘दगडफूल जास्त झालंय’ म्हणते, तेच हे. तिचं कौतुक होतं. माझ्यापासून मात्र मिक्सर लपवून ठेवतात. (वॉशिंग मशीनचं आईने सांगितलं असेलच. त्यात माझी चूक अर्धीच होती.)

तर दर्शना. शीळफाट्याची, ठाण्याला माझ्याच ऑफिसात आहे, आणि मी या छंदाबद्दल बोलत असताना घड्याळाकडे न बघणारी ती जगातली एकमेव व्यक्ती आहे. दोन्ही घरं राजी होती. मग आईने आमच्या पत्रिका विठ्ठलगुरुजींकडे नेल्या. गुरुजी हल्ली पत्रिका कॉम्प्युटरवर जुळवतात. त्यांनी दोघांची जन्मवेळ आणि जन्मगाव टाकलं, कॉम्प्युटरने छत्तीसपैकी तेरा गुण दिले, आणि आई अर्धा चहा तसाच टाकून घरी आली. अठराच्या खाली तिला चालत नाही. तेरा ऐकून दर्शनाचे वडीलही बिथरले. ‘हे बघ, तू कोड वाच नायतर काय पण कर,’ दर्शना म्हणाली, ‘पप्पा रविवारी त्या बदलापूरच्या स्थळाला हो बोलणारेत.’ मामा, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. ती गेली तर मी काय करेन, हे मला खरंच माहीत नाही.

अशा वेळी माझ्यासारख्या माणसाने काय करावं? गुरुजींकडून प्रोग्रॅमची कॉपी मागून घेतली (परवानगीने, आई काहीही सांगो). प्रोग्रॅम जुना, बनवणाऱ्याचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही. शिरलो आत. नक्षत्रं ठीक, नाडी ठीक, बेरीज ठीक. मग गावांची यादी लागली. तिच्यात पुणे आहे, कल्याण आहे, शहाड नाही! आणि गाव सापडलं नाही तर हा शहाणा कोणाला विचारत नाही, गुपचूप अक्षांश शून्य, रेखांश शून्य धरतो आणि घड्याळही तिथलंच लावतो. ती जागा नकाशात पाहिली. आफ्रिकेच्या बाजूला भर समुद्रात आहे. म्हणजे शहाड स्टेशनजवळच्या नर्सिंग होममध्ये झालेला मी, प्रोग्रॅमच्या लेखी बोटीवर जन्मलो. वेळ साडेपाच तासांनी सरकली आणि चंद्र पुढच्या नक्षत्रात जाऊन बसला. दुसरं कोणी असतं तर जन्मगाव शेजारचं ‘कल्याण’ सांगून मोकळं झालं असतं. पण आईला तुम्ही ओळखता, तुमचीच बहीण. ‘आमचं शहाड, कल्याण नव्हे,’ हे ती आता डोंबिवलीत राहूनही रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला ऐकवते.

मी माझ्या गावाच्या जागी कल्याण टाकलं. सत्तावीस! नाचत स्वयंपाकघरात गेलो. आई पोळी लाटायची थांबलीसुद्धा नाही. ‘तूच उघडलंस, तूच जोडलंस, आता ते तुला पाहिजे तेच बोलणार. वॉशिंग मशीनपण नीट झालंय असंच म्हणालेलास.’ गुरुजींकडे गेलो, तर ते म्हणाले, ‘अरे, एवढी लग्नं लावली मी, ती काय समुद्रात लावली?’ आणि दार लावून घेतलं.

म्हणून विनंती एवढीच, की तुम्ही स्वतः गुरुजींकडे जा, त्यांच्याच कॉम्प्युटरवर माझ्या नावापुढे कल्याण टाकायला लावा आणि आकडा आईला सांगा. तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही. मामींना नमस्कार, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा भाचा,
रत्नदीप

ता.क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. दर्शनाला पत्राचा फोटो पाठवला, तर तिने एवढंच विचारलं, ‘आणि शीळफाटा?’ शीळफाटाही यादीत नाही, मामा. मी घाईत फक्त स्वतःला किनाऱ्याला लावलं, ती बिचारी अजून समुद्रातच होती. तिलाही जमिनीवर आणलं. अकरा. गुरुजींपेक्षाही दोन कमी. तेव्हा कृपा करून गुरुजींकडे जाऊ नका.

आणखी एक ता.क. तुमचं मोहनेही यादीत नाही. तुमच्या सान्वीच्या लग्नात तुम्ही माईक हातात घेऊन तेहतीस गुणांचं सांगितलं होतं. तेही याच प्रोग्रॅमने दिलेले. मला राहवलं नाही, तिचं गाव नीट करून पाहिलं. खरे गुण नऊ आहेत. तिला फोनवर सांगितलं, तर तिने जावईबापूंना हाक मारली, ‘अहो ऐकलंत का, आपले नऊच आहेत!’ आणि दोघं इतके हसले की मला फोन ठेवावा लागला. आई आम्हा पोरांचं ऐकणार नाही. रविवारच्या आत डोंबिवलीला आमच्याकडे या आणि नऊ हा आकडा तिला तुमच्या तोंडाने सांगा. तुम्हाला जड जाईल, कळतं मला. तेहतीस तुम्हाला फार आवडतात. पण मला दर्शना आवडते.