सारजामावशीची नक्कल

पुणे, ११ ऑगस्ट २००५

ती. सारजामावशींना अश्विनीचा नमस्कार.

वैजू, पत्र आजीला मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

मावशी, भातलावणी उरकली असेल. मी बरी आहे. मालिकेचं शूटिंग चालू आहे. रस्त्यात लोक ओळखतात, "ती कामवाली ना?" म्हणून हसतात.

मे महिन्यात मी डिंगोऱ्याला आले, तेव्हा आप्पांनी तुम्हाला शेतातून बोलावून टीव्हीपुढं बसवलं. "सारजे, बघ, आमच्या पोरीनं तुलाच टीव्हीत घातलंय!" पडद्यावर मी तोंडाला पदर लावून "न्हाई वो बाईसायेब, म्या नाय फोडली" म्हणत होते. घरचे पोट धरून हसले. तुम्ही दाराशी होतात. थोडं पाहिलंत आणि "गुरं सुटली असतील" म्हणून उठलात. गुरं गोठ्यातच होती. मला खिडकीतून दिसत होती.

जुलैत आमच्या भरतदादानं फोनवर सांगितलं की शाळेत मुली वैजूला 'कामवालीची नात' म्हणून चिडवतात, तीन आठवडे ती शाळेत गेलेली नाही.

आता खरं लिहिते. तो पदर तुमचाच आहे. मी आठवीत होते. आमचा कांदा साठवणीच्या बराकीत टाकताना तुम्ही पडलात, पुढचे दोन दात गेले. दवाखान्यात कुणी नेलं नाही. तेव्हापासून तुम्ही तोंड झाकून बोलता. आमच्याकडं जेवताना त्याची नक्कल व्हायची. सगळ्यात चांगली मी करायचे. त्याच नकलेवर मला हे काम मिळालं.

दादाचा फोन आला त्याच आठवड्यात लेखकानं नवा प्रसंग दिला. कामवाली साडी चोरते, पकडली जाते. मी नको म्हटलं.

"अहो, कामवाली आहे ती. लोक हसायलाच बसलेत."

मी त्याला तुमच्या दातांचं सांगितलं. तो पेनचं टोपण काढत-लावत बसला. मग हळूच म्हणाला, त्याची आई चार घरची धुणीभांडी करायची, सेटवर कुणाला माहीत नाही. प्रसंग आम्ही दोघांनी बदलला. आता ती चोरी करत नाही. आळ घेणाऱ्या मालकिणीपुढं उभी राहून सगळं स्पष्ट बोलते. पदर मी खांद्यावरच ठेवला.

आप्पांशीही फोनवर भांडले. "मी नक्कल घरात केली व्हती. साऱ्या मुलखाला तू दाखवलीस," म्हणाले. खोटं नव्हतं. मग म्हणाले, "आमचा बाप तुज्या सारजेच्या आईची करायचा. आमी त्याच्याकडनंच शिकलो." आणि फोन ठेवला. आप्पांना असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

परवा भरतदादा तुम्हाला बाजारात भेटला. नवा भाग पाहून तुम्ही त्याला म्हणालात, "पोरगी आता नीट बोलली." तेवढ्यावर हे पत्र लिहायचं धाडस केलं.

तुम्ही वीस वर्षं आमच्या शेतावर येताय. मी तुमची वाडी एकदाही पाहिली नाही. रविवारी येते. वैजूला चालणार असेल तर सोमवारी तिच्याबरोबर शाळेत जाईन. ती नक्कल कुणाची होती आणि कुणी केली, हे त्या मुलींना मीच सांगेन.

माफी कागदावर मागत नाही. तुम्ही बसवाल तिथं बसेन, बोलाल ते ऐकेन.

तुमची,
अश्विनी