सगळे चिमटे हिरव्यावर

२ जून, सोमवार
रंग: हिरवा.

नवा महिना, नवा डेल हॅगर्टी. वार्षिक अहवाल शुक्रवारपर्यंत हातावेगळा करायचा. जेवणानंतर कॉफी बंद. रोज संध्याकाळी तळ्यापर्यंत चालत. पाय हलवायचा नाही. बसलो की माझा उजवा पाय आपोआप हलतो आणि झोपेत पलंगसुद्धा हलतो, असं कॉलीनचं म्हणणं. ती हॉस्पिटलात नर्स, तिला झोप पुरी लागते. म्हणून बायकोच्या सोयीसाठी मी सध्या सोफ्यावर. उत्साही माणसाचा पाय हलणारच.

अहवालाचा विषय: विद्यार्थ्यांचं यश आणि मनःस्वास्थ्य. सांगण्यासारखं पुष्कळ आहे. सप्टेंबरपासून माझ्या हाताखालच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाळांत, प्रत्येक वर्गात रंगांची पट्टी लागली. मूल सकाळी आलं की आपल्या नावाचा कपड्यांचा चिमटा पट्टीला लावतं. ठीक असेल तर हिरव्यावर, जेमतेम असेल तर पिवळ्यावर, बिनसलं असेल तर लालवर. कल्पना माझी. मी स्वतःही इथे रोजचा रंग लिहितो, आधी केले मग सांगितले या बाण्याने. सुरुवातीला लालवर चिमट्यांची गर्दी. मे महिन्यात एकही नाही. एकही! सतरा तारखेला डिस्ट्रिक्टच्या बोर्डासमोर अहवाल वाचायचा आणि त्याच बैठकीत माझ्या कॉन्ट्रॅक्टचं ठरणार. आकडेच एवढे बोलके आहेत की मला फक्त टाइप करायचंय.

४ जून
रंग: हिरवा.

पहिलं वाक्य झालं. 'हे वर्ष आपल्या सर्वांसाठी एक प्रवास होता.' खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.

दाढेचा तुकडा पडला. दंतवैद्य म्हणाला, झोपेत दात खाता तुम्ही, कसलं टेन्शन आहे का? म्हटलं, छे हो, अख्ख्या डिस्ट्रिक्टचं मनःस्वास्थ्य माझ्याकडे आहे. तो म्हणाला, आ करा.

कॉफी: एकच. कप मोठा होता.

६ जून, शुक्रवार
रंग: हिरवा.

अहवाल अजून प्रवासातच. पण त्यामागे कारण आहे. घाईघाईत लिहिलेलं मला चालत नाही.

लोरेट, माझी सेक्रेटरी, आकडे टाइप करता करता थांबली. म्हणाली, डेल, फेब्रुवारीत तुम्ही मेगनची नोकरी निम्म्यावर आणलीत, आणि लाल चिमटे बरोबर फेब्रुवारीपासूनच कमी होत गेलेत. मेगन म्हणजे आमची समुपदेशक. हल्ली प्रत्येक शाळेला आठवड्यातून एकदाच मिळते. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, तेच तर! समुपदेशकाची गरजच उरली नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता? लोरेटने कीबोर्ड बाजूला सरकवला. मग म्हणाली, कॉफी आणू? नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

काल माझ्या मुलीच्या, ब्रिनच्या शाळेच्या बँडचा कार्यक्रम झाला. तो आज आहे असं मी धरून बसलो होतो. पाचवीतल्या एवढ्याशा पोरीला एवढा मोठा ट्रॉम्बोन, बघायचा होता मला. तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, असू दे बाबा, तुला काम असतं ना. रडली नाही, चिडली नाही. समजूतदार आहे.

९ जून, सोमवार
रंग: हिरवा.

अहवालाच्या मुखपृष्ठासाठी फोटो काढायला ब्रिनच्याच शाळेत गेलो. तिसरीचा वर्ग, धालीवाल सर. मुलं आली, पट्टीकडे न बघता चिमटे लावले आणि जागेवर जाऊन बसली. सगळे हिरव्यावर. अंगावर काटा आला माझ्या.

एका मुलीचा चेहरा रडून सुजला होता. चिमटा हिरव्यावर. वाकून विचारलं, बाळा, सगळं ठीक ना? नाक ओढत म्हणाली, हिरवं. याला म्हणतात कणखरपणा. फोटोत तिचा हात घेतला, चेहरा वगळला.

मी निघताना धालीवाल म्हणाले, सर, एकदा मधल्या सुट्टीत या ना. ऑफिसाबाहेरच्या बाकाजवळ पाच मिनिटं उभे राहा. म्हटलं, नक्की. पण लगेच मीटिंग होती.

११ जून
रंग: हिरवा.

तळ्याकडे निघालो होतो. डास. परत आलो.

बैठकीत एका विद्यार्थ्याने बोलावं असं नॅडीनच्या मनात आहे. नॅडीन ट्रॅस्क, बोर्डाची अध्यक्ष. मी ब्रिनला विचारलं. तिने विचारलं, काय बोलायचं? म्हटलं, खरं ते. पुन्हा म्हणाली, खरं? म्हटलं, अगं, तुमचा आवाज हाच आमचा पाया आहे. स्वयंपाकघरातून कॉलीन हसली. विचारलं तर म्हणाली, काही नाही, ठसका लागला.

१५ जून, रविवार
रंग: हिरवा.

फादर्स डे. ब्रिनने फ्रिजवर आमच्यासाठी एक रंगीत पट्टी चिकटवली आणि मला चिमटा दिला. वर रंगवून लिहिलंय, बाबा. तिथल्या तिथे हिरव्यावर लावला. ती म्हणाली, तू विचारच नाही केलास. म्हटलं, करावाच लागला नाही! ती सिरपची बाटली घ्यायला वळली.

पॅनकेक खाताना दुसरी दाढ गेली.

१७ जून, मंगळवार
रंग: हिरवा (सकाळचा).

बैठक झाली. जसं झालं तसं लिहितो.

मी अहवाल वाचला. टाळ्या. मग ब्रिन उभी राहिली. हातात कागद नाही. म्हणाली, लालवर चिमटा लावला की मधल्या सुट्टीत ऑफिसाबाहेरच्या बाकावर बसावं लागतं. आधी तिथे मेगन असायची, तिच्याशी बोलून बरं वाटायचं. आता ती फक्त बुधवारी येते. बाकीचे दिवस उपमुख्याध्यापक कागदावरचे तीन प्रश्न विचारतात आणि घड्याळ बघत बसतात. तेवढ्यात सुट्टी संपते. म्हणून सगळे हिरव्यावर लावतात. मीपण. घरी बाबा विचारतो तेव्हाही मी मस्त म्हणते, नाहीतर तो रिपोर्टसारखं बोलायला लागतो.

कागदावरचे ते तीन प्रश्न माझेच.

माझा पाय टेबलाला लागत होता, त्याचा आवाज मला ऐकू येत होता. मग नॅडीन टाळ्या वाजवत म्हणाली, काय धीट पोरगी आहे हो तुमची! हाच तो आत्मविश्वास, जो आपल्या पट्टीने दिला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अहवाल एकमताने मंजूर. कॉन्ट्रॅक्ट आणखी तीन वर्षं. सप्टेंबरपासून पट्टी कर्मचाऱ्यांनाही लागू.

मेगनचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही.

गाडीत ब्रिनने विचारलं, रागावलास? म्हटलं, छे, मस्त बोललीस. मग घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

१९ जून
रंग: नंतर लिहीन.

मधल्या सुट्टीत गेलो एकदाचा. बाक रिकामा. बाकासमोर मोठी खिडकी, खिडकीतून अख्खं मैदान दिसतं. पोरं बागडत होती. लालवर चिमटा लावलेल्या मुलाला आम्ही हे बघत बसवलं होतं.

ती सुजल्या चेहऱ्याची मुलगी झोक्यावर होती. मी मागून झोका दिला. कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही, सुचलंच नाही. दोन-चार झोके झाल्यावर तीच म्हणाली, माझा बाबा खाणीच्या कॅम्पवर कामाला गेलाय, महिना महिना येत नाही. मग म्हणाली, अजून जोरात.

वाईट वाटलं. मेगनची पूर्ण नोकरी परत देण्यासाठी बोर्डाला पत्र लिहायचं ठरवलं. आजच.

२४ जून
रंग: हिरवा.

पत्राचं पहिलं वाक्य झालं.

२६ जून, गुरुवार

शाळेचा शेवटचा दिवस. कॉलीन ड्यूटीवर. ब्रिन दुपारीच घरी आली, दप्तर फेकलं, सायकल काढायला निघाली. मी फ्रिजपाशी उभा होतो. माझा चिमटा काढला आणि लालवर लावला. पहिल्यांदाच.

ब्रिनने पाहिलं. हेल्मेट काढून ठेवलं. स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि माझ्याच कागदावरचा पहिला प्रश्न विचारला, आज तुला काय जड वाटतंय? घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. माझ्याकडे बघत राहिली, वाट बघत.

मला तिला सांगायचं होतं की बँड चुकला याचं मला अजून वाईट वाटतंय. की ते पत्र पाठवायची मला भीती वाटते. की तू मस्त म्हणतेस तेव्हा मला कळतं. तोंड उघडलं. फोन वाजला. नॅडीन होती.

एका हाताने फोन घेतला, दुसऱ्याने चिमटा परत हिरव्यावर सरकवला.

ब्रिनने स्टूल उचलून जागेवर ठेवलं, हेल्मेट घातलं आणि दारातून म्हणाली, जा बाबा, संपली तुझी मधली सुट्टी.

रंग: हिरवा.