ब्रेकचा दिवा आणि तुमची लाख

बाबूजी, मालगुजारांच्या हिरव्या मोटारीचा ब्रेकचा दिवा मी लावला होता, तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हाला कुणीतरी तोंडावर सांगायला हवं, आणि सांगणारी मीच तेवढी उरले आहे. आईला मोटारीतलं काही कळत नव्हतं आणि मालगुजारांना तुम्ही सांगितलंत तेच खरं वाटलं. तेव्हा ऐकून घ्या. मध्येच हात उगारून "चूप बस वो" म्हणायची सोय आता तुम्हाला नाही.

लढाईची वर्षं होती. घरात सवत आली म्हणून मी रावणवाडीपलीकडचं सासर सोडून, कुणाला न विचारता, गोंदियाला पायी परत आले होते. तुम्ही मला घरात घेतलंत, ते खरं. पण त्याच संध्याकाळी चुलीजवळ बसून आईला म्हणालात, "दिवाळी झाली का पोचवून देऊ. लोकं हासून राहिले." मी भाकरी थापत होते, माझ्या समोरच बोललात. मी रडले नाही, भाकरी थापत राहिले. दुसऱ्या दिवसापासून कामं उरकली की मी राइस मिलच्या भिंतीला टेकवलेल्या, मोटारी दुरुस्त करायच्या तुमच्या टिनाच्या कारखान्यात येऊन बसू लागले. हाकलून दमलात तेव्हा मला एक काम दिलंत, ब्रेकच्या पायडलवर पाय ठेवायचं. ब्रेकचा दिवा तपासायला दोन माणसं लागतात, एक पायडल दाबणारं आणि एक मागे उभं राहून बघणारं. तुम्ही मागून ओरडायचात, "दाब," मी दाबायची. "सोड," मी सोडायची. दिवा पेटला की मागून कसा दिसतो, हे मला कधी पाहायलाच मिळत नव्हतं.

मालगुजारांची ती मोटार मात्र बघण्यासारखीच होती. दोनच माणसांची, टप मागे पाडता येणारी, लांबलचक नाकाची, कुण्या साहेबाकडून जुनी होऊन आलेली. रस्त्यावरून निघाली की दुकानदार गल्ला सोडून बाहेर यायचे. दिवाळीच्या तोंडावर रेल्वेच्या फाटकापाशी मालगुजारांनी ब्रेक मारला, मागून लष्कराचा ट्रक येत होता, आणि मोटारीचा ब्रेकचा दिवा लागलाच नाही. ट्रकवाल्याने कसाबसा ट्रक नालीत घातला म्हणून मालगुजार वाचले. घाबरलेला माणूस चिडतो तसे ते आपल्यावर चिडले. म्हणाले, "मिस्त्री, दिवा बनवून द्या, नाहीतर मोटार नागपूरला धाडतो."

तुम्ही बल्ब बदललात. दिवा लागला नाही. पायडलखालचा स्विच काढून दुसरा बसवलात, त्याची स्प्रिंग ताणून पाहिलीत, तरी नाही. मी सीटवरून म्हटलं, "स्विचच्या दोन तारा एकमेकींले लावून पाहा ना. तरी नाही लागला तं स्विच चांगला हाये." तुम्ही गाडीखालूनच म्हणालात, "तू पाय ठेव. बाईच्या हाताले मोटार कोन देऊन राहिला?" मग तारा बदलल्यात, आणि शेवटी विलायती मोटारीची जातच अशी म्हणून खाटेवर जाऊन आडवे झालात. नवीन तारा जुन्यांइतक्याच मुक्या होत्या.

तुम्ही दुपारचे घोरत होता तेव्हा मी गाडीखाली गेले. लुगडं आवळून खोचलं आणि गेले. स्विचच्या दोन्ही तारा मिळवून बांधल्या आणि मागे आले. दिव्यापर्यंत येणारी तार सोडवून तिच्यावर सुटा बल्ब धरला, त्याचं दुसरं टोक सायलेन्सरच्या उघड्या लोखंडाला टेकवलं, आणि बल्ब झगझगीत पेटला. म्हणजे करंट दिव्याच्या दारापर्यंत येत होता, आत शिरून परत जायला त्याला वाट नव्हती. परत तो मोटारीच्या लोखंडातूनच जातो, हे तुम्हीच गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलेलं. मी दिव्याची पट्टी जिथे चेसीला कसलेली होती तिथे नख लावलं. नखाखाली लोखंड नव्हतं, लाख होती.

तुमची लाख, बाबूजी. चिचगडकडच्या जंगलातून येणारी लाख स्पिरिटात विरघळवून मिरगाच्या आधी प्रत्येक मोटारीला खालून पाजायची, हा तुमचा मान होता. गोंदियाच्या पावसात तुमच्या हातची मोटार गंजत नाही, असं लोक बोलायचे, आणि ते खरंच होतं. त्या वर्षी दिवा काढून, पट्टीखाली लाख भरून, दिवा परत कसलात. आणि हीच लाख तुम्ही डायनॅमोच्या तारांना लावायचात ती कशासाठी? करंट बाहेर पळू नये म्हणून! मला तिथे, गाडीखाली, हसू आवरेना.

हसतच बाहेर आले तर दारात दीर बैलांची रेंगी घेऊन उभा. भाऊबीज उलटली होती, निरोप तुम्हीच धाडला होता. तुम्ही खाटेवरून उठलात आणि म्हणालात, "सामान बांध."

मी म्हटलं, "दिवा लागला तं मी जाणार नाही."

"अन् नाही लागला तं?"

"तं आत्ता रेंगीत बसते. हात धुवाले पन थांबत नाही."

दीर म्हणाला, "हा काय तमाशा हाये?" त्याच्याकडे तुम्ही पाहिलं नाही. मी पट्टी सोडवली, कानस घेतली आणि तुमच्या डोळ्यांदेखत तुमची लाख खरवडली. "माह्या लाखेले हात कायले लावते?" तुम्ही म्हणालात, आणि वाकून पाहताच तुम्हाला कळलं. खाली लोखंड लखलखीत निघालं. मी तारा होत्या तशा जोडल्या, पट्टी कसली आणि म्हटलं, "बसा पायडलवर." तुम्ही थांबलात. माझा सगळा जन्म त्या थांबण्यात अडकला होता. मग धोतर सावरत तुम्ही सीटवर बसलात.

"दाबा, बाबूजी," मी म्हटलं.

आणि दिवा लागला. लाल, भर दुपारी डोळ्यांत भरणारा. मी दोनदा "सोडा" म्हटलं आणि दोनदा "दाबा". गरज एकदाचीच होती. तुम्ही दिराला एवढंच म्हणालात, "रेंगी रिकामीच ने." त्यासाठी मी तुमची ऋणी आहे आणि तसं लिहितेही. पण संध्याकाळी मालगुजार आले तेव्हा तुम्ही मला आत चहा ठेवायला पाठवलंत, आणि बाहेरून तुमचा आवाज आला, "शोधून काढला मी. पोरीनं पायडल दाबला." मी चहात साखर घातली नाही. तेवढ्याने माझं भागलं नाही, आजही भागलेलं नाही.

तुमच्यामागे हा कारखाना मी चालवला. "बाई गाडी काय बनवणार" म्हणणारे आले, हसले, आणि मोटारी इथेच ठेवून गेले. लाख मी अजून लावते, दिव्याखालची जागा सोडून. मागे उभी राहून मीच बघते. पायडल दाबायला मला कुणाची गरज नाही, मी त्यावर एक वीट ठेवते, ती तुमच्यापेक्षा कमी बोलते आणि माझं काम आपलं म्हणून सांगत नाही.

हा कागद कुठे धाडायचा, ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी धाडला नसता, तुम्ही उलट उत्तर दिलं असतंत. एक मात्र आहे, तुम्हाला कळणार नाही म्हणून लिहिते. विटेला सांगावं लागत नाही, तरी ती ठेवून मागे जाताना माझ्या तोंडून दरवेळी निघतंच, "दाबा, बाबूजी."