जिन्याखालून ताईकडे, एकटीने

३ फेब्रुवारी, सोमवार

आज आलेल्या वस्तू:
हेल्मेट (ह्यांच्या मापाचं घेतलं, म्हणजे दोघांना चालेल) ६४०
हातमोजे, एक जोड ८५
साखळीला घालायचं तेल, लहान बाटली ३२
रस्त्यांचा नकाशा १५ (दुकानदार वीस म्हणत होता. घडीवर फाटलेला दाखवला तेव्हा ताळ्यावर आला.)
एकूण ७७२.

बसचं जाऊन-येऊन तिकीट २४०. म्हणजे मोटारसायकलने गेलं की बचतच. हेल्मेट काही एकदा घालून फेकायचं नसतं, तीन-चार खेपांत फिटेल. हे म्हणाले, आणि पेट्रोल? पेट्रोल वेगळ्या पानावर लिहिणार आहे.

सोळा मार्चला ताईला सत्तर पूर्ण होतात. तिचं पत्र आलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही. लिहिते, माझं लग्न होऊन ह्या गावी आले तेव्हापासून तू दर खेपेला कुणाच्या तरी मागे बसून आलीस, आणि दर खेपेला त्यांची रजा संपली म्हणून निघून गेलीस. यंदा एकटी ये. मी हाकलेपर्यंत राहा.

त्याच दिवशी कळवून टाकलं. येते. एकटी. मोटारसायकलवर.

गाडी ह्यांची. पाठीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी बंद करायला लावली, तेव्हापासून जिन्याखाली मेन स्टँडवर चादर पांघरून उभी आहे. दूधवाल्याचा तिच्यावर डोळा आहे. हे म्हणाले, पंधरा मार्चपर्यंत गाडी हलली तर तुझी, नाहीतर त्याची. म्हटलं, ठरलं. हे हसले. हसू देत. मी मॅट्रिकला बसले तेव्हाही घरात सगळे हसलेच होते.

५ फेब्रुवारी, बुधवार

मेकॅनिक घरी येऊन गेला. ऑइल बदललं, प्लग साफ केला. विचारत होता, काकू, चालवणार कोण? मी म्हटलं, मी. त्याने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी छताकडे बघितलं.

मग क्लच, गिअर, ब्रेक नीट समजावून दिलं. अवघड काही नाही. शिवणयंत्र चालवणाऱ्या बाईला यात नवल वाटू नये. तो म्हणाला, चला काकू, आत्ताच मैदानावर एक चक्कर मारू. म्हटलं, उगाच पेट्रोल कशाला जाळायचं? आधी पक्कं शिकते, मग एकदमच निघते.

संकल्प: रोज पहाटे दिवा लावून झाला की जिन्याखाली जायचं आणि स्टँडवरच सराव करायचा. इंजिन बंद. खर्च शून्य.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मोठी गोष्ट सुचली. सुचवणारा तो वरचा, आपण निमित्त.

नुसतं बसून गिअर बदलण्यात वेळ वाया जातो, आणि तिकडे जपाची वेळ चुकते. दोन्ही एकत्र करायचं. एक माळ व्हायला मला सहा मिनिटं लागतात. चाळीसच्या वेगाने सहा मिनिटांत चार किलोमीटर. ताईचं घर तीनशे ऐंशी किलोमीटर, म्हणजे पंच्याण्णव माळा. डावा हात क्लचवर, उजव्या हातात माळ. अ‍ॅक्सिलरेटर लागत नाही.

पुण्य आणि प्रवास एका खर्चात. पहिल्याच दिवशी बारा किलोमीटर.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, वाटेत चहाला थांबलीस तर मलाही हाक मार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लर्निंग लायसनची परीक्षा. खिडकीवरचा मनुष्य म्हणाला, बाई, ज्याचं लायसन आहे त्याला स्वतः यावं लागतं. म्हटलं, आली आहे. सगळे प्रश्न बरोबर. शेजारी बसलेला कॉलेजातला मुलगा माझ्या पेपरात बघत होता, मी कोपर आडवं धरलं.

पक्कं लायसन गाडी चालवून दाखवल्यावर मिळतं म्हणे. ते ताईकडून आल्यावर काढीन. तोवर हात बसलेला असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हेल्मेटची सवय व्हावी म्हणून सकाळपासून घालूनच घरातली कामं केली. अंबाड्यामुळे ते वर राहतं, म्हणून अंबाडा खाली मानेवर घेतला. मग ते सैल होऊन नाकावर येतं, म्हणून आत टॉवेल घातला. आता पक्कं बसतं. कुकरच्या शिट्ट्या मात्र ऐकू आल्या नाहीत. भात खाली लागला. हे काहीतरी बराच वेळ बोलत होते, तेही ऐकू आलं नाही. हेल्मेट महाग पडलं असं वाटत होतं, आता वाटत नाही.

भाताचा वरचा भाग चांगला होता. खालचा उद्या मला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांची ऑफिसची जुनी पँट उसवून माझ्या मापाची केली. कंबर थोडी वाढवली. थोडी म्हणजे दोन्ही बाजूंना पट्टी घालून.

सामानासाठी जुन्या जाड पडद्याच्या दोन पिशव्या शिवल्या, सीटच्या दोन्ही बाजूंना लोंबकळतील अशा. दूधवाला रोज दूध ओतून झाल्यावर मागचं टायर अंगठ्याने दाबून बघतो. आज पिशव्या बघून म्हणाला, वहिनी, बरं केलंत, ह्यात माझे दोन्ही कॅन बसतील. मी त्याला म्हटलं, आज माप कमी दिसतंय. निमूटपणे पळीभर आणखी ओतलं.

१ मार्च, शनिवार

नदीचा पूल मागे पडला. नकाशावर पेन्सिलीने खूण केली. आता सगळा सपाट रस्ता.

संध्याकाळीही सराव वाढवला आहे. अंधारातून जावं लागलं तर अडायला नको म्हणून गाडीचा दिवा लावून बसते. वळणावर हॉर्न देते. वरच्या मजल्यावरच्या पोस्टातल्या बाई खाली डोकावून म्हणाल्या, अहो, तुम्ही अजून इथेच? म्हटलं, शरीराने. त्या म्हणाल्या, मग हॉर्न तरी मनातल्या मनात वाजवा, माझी डोकेदुखी खरी आहे.

हे मीटर बघून म्हणाले, आकडा महिन्याभरापूर्वी होता तोच आहे. मला तर मीटर बंद पडलेला दिसतो. मेकॅनिकला सांगायला हवं.

४ मार्च, मंगळवार

मेकॅनिक आला. मीटर चांगला आहे म्हणतो. बॅटरी मात्र उतरली आहे. दिवा आणि हॉर्न लावून ठेवायचे आणि इंजिन चालू करायचं नाही, मग दुसरं काय होणार, म्हणे. बॅटरी चार्ज करून आणायचे ३०. हे ‘प्रवासात झालेली मोडतोड’ ह्या सदरात लिहिलं.

पुन्हा मागे लागला, काकू, एकदा खाली घ्या हो, मी मागून धरतो. म्हटलं, आज वारा आहे. तो म्हणाला, पान हलत नाहीये. म्हटलं, मैदानावर असणार. मग म्हणाला, उद्या येऊ? उद्या कपडे भिजवायचे आहेत. परवा? टायर नवे आहेत, मैदानावरच्या खड्यांवर घासून कशाला घालवायचे? ते लांबच्या प्रवासासाठी राखून ठेवले आहेत.

तो ह्यांना जिन्यात गाठून हळू आवाजात काहीतरी म्हणाला. हे म्हणाले, तुझ्या काकूला पोहायलासुद्धा कोरड्यातच शिकायचं होतं.

त्यात काय चूक आहे? हातपाय तर तिथेही हलतातच.

८ मार्च, शनिवार. सकाळी ६.४०

ताईकडे पोहोचले. पंच्याण्णवावी माळ आत्ता पुरी झाली.

खाली उतरले, कंबर सरळ केली. वाटेत कुठेही काही झालं नाही. शेवटच्या चार किलोमीटरांत ताईचं फाटक, तिची तुळईसारखी जाड मांडी घालून पायरीवर बसायची तऱ्हा, सगळं डोळ्यांसमोर आलं आणि का कोण जाणे डोळे भरून आले. धूळ असावी. जिन्याखाली झाडायला हवं.

पोस्टातल्या बाई दूध घ्यायला खाली आल्या होत्या. काय झालं म्हणून विचारलं. म्हटलं, पोहोचले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, आता चहा घ्या.

तेव्हा रस्ता पाठ झाला. आता खरं जाणं म्हणजे उजळणी.

१२ मार्च, बुधवार

उद्या पहाटे पाचला प्रयाण.

सामान भरलं. डाव्या पिशवीत: ताईसाठी विणलेली शाल, घरचा साबण, देवाची तसबीर, समई, वाती, तेल. उजव्या पिशवीत: माझे कपडे, औषधं, छत्री, टॉर्च, हिशेबाची वही. सीटवर बांधलेली वळकटी. त्यावर पाण्याचा कॅन. सगळं बांधून झाल्यावर लक्षात आलं की मला बसायला वीतभर जागा उरली आहे. वीतभर पुरे. देवाने दिलेल्या जागेत मावून घ्यावं.

हे दोनदा खाली येऊन दोऱ्या आवळून गेले. जेवताना म्हणाले, अगं, हळू जा. म्हटलं, चाळीसच्या वर कधी गेले नाही.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी ९

प्रयाण थोडं पुढे ढकललं आहे. कारणं लिहून ठेवते.

सगळं वेळेवर झालं होतं. दिवा लावला, स्तोत्र म्हटलं, ह्यांनी चहा केला (साखर जास्त, पण आज बोलले नाही). मेकॅनिक न बोलावता आला होता. पोस्टातल्या बाई जिन्यात शाल गुंडाळून उभ्या. दूधवाला कॅन खाली ठेवून तमाशा बघायला थांबला. मी हेल्मेट, मोजे, पँट, सगळं चढवून बसले. मेकॅनिकने किक मारली. गाडी सुरू झाली. हा आवाज एवढा मोठा असतो याची आधी कल्पना नव्हती.

मग त्याने आणि दूधवाल्याने मागून धरून गाडी स्टँडवरून खाली घेतली. आणि गाडी डावीकडे कलायला लागली. महिनाभर मी तिच्यावर बसते आहे, इतक्या लांब गेले, पण ती अशी कधी वागली नव्हती. चौघांनी धरली. मी म्हटलं, ठेवा परत. दूधवाला म्हणाला, वहिनी, क्लच सोडा. मी म्हटलं, आधी ठेवा परत.

समईचं वजन डावीकडे पडलं होतं, दुसरं काही नाही. सगळं सामान उतरवून पुन्हा घेतली. या वेळी उजवीकडे कलली. म्हणजे दोष सामानाचाच होता हे सिद्ध झालं, नाहीतर पुन्हा डावीकडेच कलली असती.

एकूण अंतर, एक हात. पुढच्या बाजूला.

दुपारी १

हे म्हणाले, अडीचची बस आहे, सोडायला येऊ का? गंमत करत नव्हते. क्षणभर पायात चपलाही घातल्या. पण बसने जाणं म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी मागेच बसणं. आणि तिकडे ताई फाटकाशी उभी असणार, मोटारसायकलचा आवाज ऐकायला.

चपला काढल्या.

पोस्टातल्या बाईंबरोबर तार पाठवली: गाडी तयार. मी तयार. उशीर. पाच शब्दांत सगळं बसलं. त्या म्हणाल्या, कारण लिहायचं नाही? कारणाला शब्दागणिक पैसे पडतात.

हेल्मेट काढताना टॉवेल ओला लागला. घाम.

१५ मार्च, शनिवार

सकाळीच दूधवाला पैसे आणि सुतळी घेऊन हजर. मी नेमाप्रमाणे गाडीवर होते, माळ अर्धी झाली होती. हे दारात आडवे उभे राहिले आणि त्याला म्हणाले, गाडी नाही. बाहेरगावी गेली आहे.

दूधवाल्याने त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी हेल्मेटची काच खाली ओढली.

त्याने विचारलं, परत कधी यायची? हे म्हणाले, काय सांगावं बाबा, रस्ता लांबचा आहे. तो दूध घालून गेला. माप पुरेपूर होतं.

नंतर मी ह्यांना आठवण करून दिली की आपलं काय ठरलं होतं. हे म्हणाले, मी ‘हलली तर’ म्हटलं होतं. ‘पोहोचली तर’ म्हटलं नव्हतं. एक हात हलली ना?

वहीत बघितलं. हलली आहे.

दुपारी ताईची उलट तार आली: बस अजून बंद झालेल्या नाहीत.

पूर्वीपासून अशीच तिरकस आहे. पण तिच्या म्हणण्यावर विचार केला, आणि वाट सापडली. चांगला कागद खर्ची पडू नये म्हणून पत्राचा मसुदा आधी इथेच लिहिते.

ती. ताईस सा. न.

उद्या तुला सत्तर पूर्ण होतात. तुझ्यासाठी दिवा लावीन. शाल तयार आहे, गाडी तयार आहे, रस्ता तर मला तोंडपाठ आहे. एकदा येऊनही गेले, तुला कळलं नसेल. अडचण एवढीच की जिन्याखालून बाहेर काढताना ती थोडी कलते. मागे कुणीतरी भारदस्त माणूस बसलं तर कलणार नाही असं माझं मत आहे. ह्यांची पाठ धड नाही, आणि बाहेरच्यांना कशाला सांगायचं?

बस अजून बंद झालेल्या नाहीत हे तूच कळवलं आहेस. तेव्हा तू बसने इकडे ये. चार दिवस राहा. मेकॅनिकबरोबर मैदानावर जाऊ, तू असलीस तर जाईन म्हणते. मग तू माझ्या मागे बस, म्हणजे मी तुझ्याकडे यायला निघते. येणार मी एकटीच, ठरल्याप्रमाणे. तू नुसती तोल सांभाळायला. येताना घराची किल्ली आठवणीने घे, नाहीतर पोहोचल्यावर दार कोण उघडणार?

हेल्मेट तुझ्या मापाचं घ्यायचं की आतल्या टॉवेलावर भागेल, आणि कोणत्या बसने निघतेस, ते उलट टपाली कळव.