उगारलेला हात

आई, चर्चमधल्या चित्राबद्दल लिहितोय म्हटल्यावर तू आधी विचारशील, आंघोळ करून गेला होतास ना? हो, गेलो होतो. रविवारी तुझ्या सुनेबरोबर हायडेलबर्गजवळच्या एका गावात फिरायला गेलो, तर तिथे वेदीच्या वर हे भलंमोठं जुनं चित्र. ढगात येशू, पण कॅलेंडरवरचा मेंढरू कडेवर घेतलेला नव्हे, चांगलाच भडकलेला. उगारलेल्या हातात तीन बाण, खाली पृथ्वीचा गोळा. मेरी त्याच्या दंडाला हात लावून विनवतेय, आणि एक संत झगा पसरून अख्ख्या गोळ्यावर आडवा पडलाय. गाड्यांच्या ब्रेकमध्ये आयुष्य घालवलेला माणूस मी, माझं लक्ष मेरीच्या बोटांकडे. नुसती टेकवलीत गं! एवढ्यानं उगारलेला हात थांबत नसतो. चर्च उघडणाऱ्या आजींना विचारलं, शेवटी मारतो का हा? त्या म्हणाल्या, "लहान होते तेव्हापासून बघतेय, अजून तरी नाही."

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात भुणभुणतोय. मी कॉलेजला दांड्या मारून नाटकाच्या तालमींना जातो हे कळलं, त्या दिवशी बाबा गरजले होते, "या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस." मी बाहेर पायरीवर बसलोय. आत भाकऱ्या थापता थापता तू त्यांच्याशी काहीतरी बोलतेस, त्या थपथपीत मला एक अक्षर ऐकू येत नाही. मग दारात येऊन म्हणतेस, "हातपाय धू, पान वाढलंय." बाबा मान वर न करता म्हणतात, "त्याला चटणी वाढ." झालं, मिटलं. काय सांगितलंस गं त्यांना? की तू काहीतरी बोलावंस म्हणून ते नुसते थांबले होते?

विचारतोय, कारण तुझी नात कायझर्सलाउटर्नला इंजिनिअरिंग शिकत होती. शेवटचं वर्ष अर्ध्यावर टाकून तिनं बेकरीत काम धरलं. फोनवर माझ्या तोंडून बाबांचंच वाक्य बाहेर पडलं, जसंच्या तसं. मनात म्हटलं, तिची आई घेईल सांभाळून. पण पोरगी इथे वाढलेली! "गुट, पापा," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाली, फोन ठेवला आणि चौथ्या दिवशी घराची किल्ली पाकिटात घालून पोस्टानं पाठवून दिली. मी हबकलोच. तुझ्या सुनेला म्हटलं, तू बोल ना तिच्याशी. ती म्हणाली, "अजिबात नाही. तू बोललास, तूच निस्तर. मला मध्ये घालू नकोस." तू बाबांना असं कधी म्हणाली असतीस का? मला तर कल्पनाच करवत नाही.

महिना झाला. राग तर फोन ठेवताक्षणीच उतरला होता. आता रोज कामावरून आलो की तिचा नंबर काढतो, जुळवलेली वाक्यं पुटपुटतो आणि चहा करायला उठतो. माझं चुकलं, हे मी अजून कुणालाही म्हटलेलं नाही, आई. पहिल्यांदा तुला म्हणून बघतोय, कारण हे पत्र आहे, तू फोन ठेवून देऊ शकत नाहीस.