तुझ्या दुकानातले मुके श्रोते

धाकट्या,

मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. (रागात लिहितेय, तरी आशीर्वाद पुरता पाठवलाय, त्यात काटछाट केलेली नाही.) तुझं पित्त कसं आहे? भावजयीचा खांदा वर जातो का आता, की अजून वेणी घालायला सुनेला हाक मारावी लागते? माझं म्हणशील तर गुडघे आहेत तिथे आहेत, दात नाहीत तिथे नाहीत. बाकी सगळं बुडालं. कसं बुडालं आणि कोणी बुडवलं ते सांगायला कागद घेतला. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधे मधे बोलतोस.

नातीबद्दल आहे. तिचे आईबाप नोकरीपायी लांब, म्हणून ती माझ्याकडे राहते आणि रॅप करते, हे तुला ठाऊक आहे. रॅप म्हणजे तालावर केलेलं भांडण, इतपत मला समजलंय. (मी जन्मभर तेच केलं, पण मागे कोणी ठेका धरला नाही, म्हणून फुकट गेलं.) आईबापांनी दिलेलं चांगलं नाव टाकून तिने 'ठसका' असं नाव घेतलंय. कुरिअरवाला दारात ओरडतो, "ठसका इथेच राहतात का?" मी आतून ओरडते, "राहतात, औषध चालू आहे." तिच्या जोडीला एक डीजे आहे, अंगाने शिडी, म्हणून मी त्याला शिड्याच म्हणते. दिवसा तो बुटांच्या दुकानात गाणी लावतो. गिऱ्हाईक आलं की मालक आवाज कमी करायला लावतो, गिऱ्हाईक गेलं की वाढवायला. ऐकणारा आला की बंद करायची, अशी ही कला.

दोघं म्हणे स्वतंत्र कलाकार. स्वतंत्र म्हणजे काय गं, विचारलं, तर म्हणाली, "आजी, आमच्या डोक्यावर कुठली कंपनी नाही." बघितलं तर खरंच डोक्यावर कोणी नाही, आणि पाठीशीही कोणी नाही. गाणं तीच लिहिते, माझ्या कपाटात कपड्यांच्या मधे उभी राहून तीच गाते (कपड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे, माझ्या लोकरीच्या शाली त्यासाठी अडकवून ठेवल्यात, मी बाहेर कुडकुडते आणि गाणं आत उबेत), वरचं चित्र तीच काढते, ऐका हो ऐका म्हणून लोकांच्या विनवण्या तीच करते, आणि कोणी ऐकलं नाही की रडतेही तीच. एवढ्या खात्यांचं काम एकटीने करायचं आणि पगार नाही, हे मी आजवर फक्त संसारात बघितलं होतं.

इथे एक हॉल आहे. तिथले कार्यक्रम ठरवणारा माणूस कायम टोपी घालून असतो, छपराखालीसुद्धा. कोणी मोठा रॅपर येणार होता, त्याच्या आधी जरा वेळ कोणाला तरी उभं करायचं होतं. ते काम आपल्या पोरीला मिळण्यातलं होतं. हा टोपीवाला गाणं ऐकत नाही, ते किती लोकांनी ऐकलं त्याचा आकडा बघतो. आकडा लहान होता पण हळूहळू सरकत होता, म्हणून तो "बघू" म्हणाला. त्या एका 'बघू'वर पोरीने किती दिवस काढले, काय सांगू!

मग तिने सगळ्या नातेवाइकांना गाणं पाठवलं, ऐका म्हणून. बाकीच्यांनी नुसता अंगठा धाडला. तू एकट्याने मनावर घेतलंस. तुझं ते मोबाईल दुरुस्तीचं दुकान. कोणाची काच फुटलेली, कोणाची बॅटरी फुगलेली, जे जे फोन आले ते फळीवर ओळीने मांडलेस, सगळ्यांवर तिचं गाणं लावलंस, पुन्हा पुन्हा वाजेल असं करून ठेवलंस, आणि आवाज बंद केलास. (लोकांचे फोन, अरे! आणि आवाज बंद का, तर तुला ते गाणं सोसवत नाही. भावजयीने सांगितलं मला.)

आकडा चढला. पोरगी घरभर नाचली. शिड्याने माझा हात धरून मलाही गिरकी घ्यायला लावली. "आजी, एका गावात माझं गाणं फारच चालतंय, तिथले लोक थांबतच नाहीत!" म्हणाली. त्या गावात जाऊन कार्यक्रम करायचा, तिथल्या लोकांना भेटायचं, असे बेत चालले. ते गाव म्हणजे तुझी फळी होती रे.

ही गाणी जगभर चढवणारी एक कंपनी असते. तिच्या यंत्राला दिसलं की एकाच खोलीतले हे श्रोते झोपत नाहीत, जेवत नाहीत, दुसरं काही ऐकत नाहीत. यंत्राने ठरवलं, ही माणसं नाहीत. विकत घेतलेले खोटे श्रोते समजून त्यांनी तिचं गाणं काढून टाकलं. तेवढ्यावर न थांबता सगळीच काढली, कॉलेजात असल्यापासूनची. तिने कळवळून लिहिलं, तर उत्तर आलं, 'आपली अडचण आम्ही समजू शकतो.' माणूस असता तर इतकं गोड बोलून हाकललं नसतं.

याहून वाईट पुढेच आहे. या लोकांत चोरी चालेल, शिवी चालेल, खोटेपणा चालत नाही. मी खरी, मी अस्सल, हेच तर ते गाण्यात ओरडत असतात. आता सगळे म्हणतात, ठसकाने श्रोते विकत घेतले. एकाने तर त्यावर रॅपच केला. (चांगला केलाय मेल्याने. मी दोनदा ऐकला.) शिड्या म्हणाला, खरं काय ते सांगून टाक. भांडण हाच जिचा धंदा, ती तुझ्यावर एक ओळ लिहायला तयार नाही. मला म्हणते, "आजी, एवढ्या गोतावळ्यात मामाआजोबांनीच माझ्यासाठी काहीतरी केलं." मी भांडी घासायला गेले.

आता ती कपाटात जात नाही. शाली घडी करून माझ्या हातात दिल्यात. ऊब आली, झोप गेली.

तेव्हा तिला तुझ्याकडे कामाला घे. काउंटरवर बसव, गिऱ्हाइकाला बोलण्यात हार जाणार नाही. या धंद्यात काही राम राहिलेला नाही, मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

तुझी,
मोठी

ता.क. टोपीवाल्याने अजून दार लावलेलं नाही. आकडा गेला तर माणसं दाखव, म्हणाला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी छोट्या खोलीत चार-पाच रॅपर गाणार आहेत. दारात एक मुलगी प्रत्येकाला विचारते, कोणासाठी आलात, आणि त्या नावापुढे रेघ ओढते. ज्याच्या रेघा जास्त तो मोठ्या कार्यक्रमात. तर तू ये. भावजयीला आण, कॅरमवाले मित्र आण, श्वास घेणारं कोणीही आण. 'आमच्या नातीसाठी' म्हणू नका, त्या नावाने रेघ नाही. 'ठसका' म्हणायचं, मोठ्याने. तिकीट ज्याचं त्याने काढायचं.

ता.क. दुसरा. कामाला घे असं वर लिहिलंय ते वाचू नकोस. तिला दुकानात बसवलंस तर गाठ माझ्याशी आहे.

ता.क. तिसरा. नाही जमलं तरी चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही. येते म्हणून आतापर्यंत दोघींनीच सांगितलंय, शिड्याची आई आणि मी. त्याची आई दारात शिड्याचंच नाव सांगणार, ती ऐकायची नाही, आणि डीजेच्या नावाने रेघ नसते. म्हणजे सध्या पोरीच्या नावापुढे एकच रेघ आहे, माझी. गाणं आवडतं का, हे दारात विचारत नाहीत. मी चौकशी केली.